स्पिरिटने धुतलेला पंप

कंपाउंडरने तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे औषधं देण्यात घालवली होती. आपल्याला जगात एकच गोष्ट चोख जमते, ती म्हणजे हात धुणं, असं त्याचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. बाकी सगळा आनंदीआनंद. घरात फळी ठोकायची वेळ आली तेव्हा त्याने आधी खिळे धुतले होते. फळी चौथ्या दिवशी पडली. खिळे मात्र अजून चकचकीत होते.

अशा माणसाच्या हाती सासऱ्यांची जुनी गाडी आली. अप्पांनी ती चाळीस वर्षं स्वतः चालवली, स्वतः खोलली, स्वतः जोडली. डोळे अधू झाले तेव्हा कुठे त्यांनी किल्ली जावयाला दिली, तीही पोरीने दोनदा सांगितल्यावर. त्यानंतर ते फोनवर न चुकता गाडीची खुशाली विचारत. जावयाची विचारायचं राहून जाई.

आता सोमवारी अप्पा थोरल्या मुलाकडे, दूरच्या शहरात, कायमचे जाणार होते. त्याआधी रविवारी सकाळी त्यांना एकदा आपल्या गाडीतून धरणापर्यंत जाऊन यायचं होतं. त्यांनी जावयाकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. आणि नेमका तेव्हाच गाडीच्या तेलाच्या दाबाचा काटा खाली लोळायला लागला.

“रक्तदाब उतरलाय,” कंपाउंडरने निदान केलं आणि जास्त तेल ओढणारा मोठा पंप मागवला. मेकॅनिककडे जायची काय गरज? निदान आपण केलं, तर उपचारही आपणच करावा.

शनिवारी सकाळी तो गाडीखाली शिरला. इंजिनाच्या तळाचं तेलाचं चेंबर उतरवलं, जुना पंप काढला. इथवर सगळं ठीक झालं, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. नव्या पंपाला आतून बाहेरून चिकट तेल फासलेलं होतं. ते काही त्याला बघवेना. त्याने पंप स्पिरिटने धुतला, कापसाने पुसला, उन्हात वाळवला, पुन्हा पुसला. मग तो बसवला, चेंबर लावलं, ताजं तेल ओतलं आणि शाबासकी ऐकायला, कालच मुक्कामाला आलेल्या अप्पांना खुर्ची टाकून बोलावलं.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, काटा शून्यावरच. नवीन आहे, बुजला असेल, असं म्हणून कंपाउंडर वाट बघत राहिला. तेवढ्यात आतून टकटक ऐकू आली.

“बंद करा! आधी बंद करा ती!” अप्पा काठी विसरून उठले होते. “जावईबापू, पंप बसवताना आत काय भरलंत?”

“काहीच नाही, अप्पा. स्वच्छ धुऊन कोरडा केला.”

“कोरडा?”

“स्पिरिटने.”

अप्पा मटकन खुर्चीत बसले. “अहो, कोरडा पंप तेल ओढेल कसा? नुसती हवा घुसळत बसतो. आणखी दोन मिनिटं चालली असती तर इंजिन जागच्या जागी जाम होऊन बसलं असतं.”

कंपाउंडरला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याला खरंच रडू येत होतं.

“व्हॅसलिन आहे का घरात? आतल्या फटी बुजल्या की ओढेल तेल,” अप्पा म्हणाले.

व्हॅसलिन! घरात दुसरं होतं काय? कंपाउंडरने तीन डब्या आणल्या. सगळं पुन्हा उतरवलं. अप्पांनी पंप मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपत त्याच्या आतल्या चाकांच्या दातांमध्ये व्हॅसलिन दाबून भरलं. ते भरता भरता हळूच म्हणाले, “मीही एकदा कोरडाच बसवला होता. अख्खं इंजिन घालवलं. तुमच्या सासूबाईंना सांगितलं, दुकानदाराने पंपच खराब दिला. ती जाईपर्यंत तेच खरं मानत होती. कुणाला सांगू नका.”

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. काटा थरथरला, उठला आणि मधोमध उभा राहिला. अप्पांनी डोळे मिटून नुसतं ऐकलं आणि जावयाच्या खांद्यावर व्हॅसलिनचा हात ठेवला. शर्ट खराब झाला. हात धुवायचं मात्र कंपाउंडरला सुचलं नाही.

रविवारी सकाळी धरणाच्या रस्त्यावर बायकोने मागच्या सीटवरून विचारलं, “काल दोनदा का खोलावी लागली हो गाडी?”

कंपाउंडरने शेजारी बघितलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते, जिथलं त्यांना काही दिसत नव्हतं.

“दुकानदाराने पंपच खराब दिला होता,” तो म्हणाला.

“हल्ली असंच करतात,” अप्पा म्हणाले.