हीट पंपामागची पानं

माझी नणंद वर्षातून दोनदा आमच्याकडे येते आणि दोन्ही वेळा माझ्या पोटात दुखतं. ओवाळून टाकलेली, भांडखोर, तोंडाळ अशी ती असती तर बरं झालं असतं. पण ती चांगली आहे. म्हणून तर जास्त दुखतं. सरळ सांगायचं तर मी जळते, आणि ह्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही.

ती येते ती कामाला. आमच्या घराला हीट पंप आहे. बाहेर रस्त्याच्या बाजूला भिंतीलगत पंखा असलेली एक मोठी पेटी, आत सासूबाईंच्या खोलीत भिंतीवर एक लांबट खोका आणि दोन्हींना जोडणाऱ्या नळ्या. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून ते यंत्र घरात सोडतं म्हणे. "गार हवेत कुठली आलीय ऊब?" असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. "असते गं वहिनी, थोडीशी असते. ओढता आली पाहिजे," असं नणंद म्हणाली. ही यंत्रं बसवायची आणि दुरुस्त करायची हाच तिचा धंदा. दूरच्या शहरात राहते, स्वतःची गाडी आहे, गाडीत शिड्या, पाईप, पाने आणि जगभराच्या किल्ल्या. थंडी लागण्याआधी एकदा आणि थंडी सरल्यावर एकदा यंत्राची सफाई करावी लागते. ती सफाई तिच्याखेरीज कुणी करायची नाही, असा सासूबाईंचा दंडक.

सासूबाईंचं सगळं आयुष्य एका मोठ्या लॉन्ड्रीत गेलं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथं यायच्या आणि वाफेच्या इस्त्रीपुढे त्या दिवसभर उभ्या असायच्या. सासरे लवकर गेले. दोन पोरं त्यांनी त्या इस्त्रीवर वाढवली. बाहेर कितीही गारठा पडो, ह्यांच्या कपाळावर घाम. काम सुटलं आणि इतक्या वर्षांची राहून गेलेली थंडी त्यांना एकदमच वाजायला लागली. अजूनही हातात येईल त्याची घडी घालतात. रुमाल, वर्तमानपत्र, दुधाच्या रिकाम्या पिशव्या, सगळं टोकाला टोक जुळवून. लॉन्ड्रीत त्यांना 'वाफ' म्हणत. तोंड उघडलं की समोरचा भाजलाच पाहिजे.

माझ्या वाट्याला ती वाफ कधी आली नाही. इथंच तर सगळं दुखणं आहे.

नणंद येते त्या दिवशी सासूबाई सकाळपासून खिडकीत. गाडी वळली की ह्यांचं सुरू. "आलीस का कार्टे! कुठं उलथली होतीस इतका वेळ? हे काय केस, झाडू बरा! बूट काढ आधी, बूट काढ!" ती हसत हसत आत येते, शिडी लावते, खोक्याचं झाकण उघडते. धुळीनं भरलेल्या जाळ्या काढून मोरीत धुते. सासूबाई मागे खुर्ची टाकून बसतात आणि तोंडाचा पट्टा चालू. "नीट धू. ही कसली धुण्याची पद्धत? माझ्या हाताखाली असतीस तर घरी पाठवली असती." मग दोघी बाहेर. पेटीच्या मागच्या बाजूला पातळ पत्र्याच्या बारीक पट्ट्या असतात, त्या वाकल्या की हवा अडते. त्या सरळ करायला नणंदेकडे एक फणी आहे, दात असलेली. ती फणी घेऊन ती त्या पेटीचे केस विंचरत बसते. "आईच्या डोक्यावरून कधी अशी फणी फिरवली नाहीस, कार्टे," असं सासूबाई म्हणतात आणि दोघी खो खो हसतात.

सासूबाईंच्या डोक्यावरून रोज सकाळी फणी मी फिरवते. त्यांचा हात सांध्यात धरतो म्हणून. आणि रोज त्या मला म्हणतात, "राहू दे सूनबाई, तुला उशीर होईल." भाजीत मीठ विसरले तरी "छान झालीय हो." त्यांच्या आवडीची कपबशी माझ्या हातून फुटली तेव्हा म्हणाल्या, "तुला लागलं नाही ना?" कपबशी चाळीस वर्षांची होती! नणंदेनं फोडली असती तर गल्लीला कळलं असतं. लेकी बोले सुने लागे, अशी म्हण आहे. आमच्या घरी ती शब्दाशब्दाला खरी. त्या बोलतात लेकीला आणि लागतं मला. कारण मला कुणी तसं बोलत नाही. पाहुण्याला बोलतात तसं मला बोलतात, आणि पाहुणी म्हणून मी ह्या घरात किती वर्षं राहायचं?

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो बस चालवतो, त्यामुळे मागे कितीही आरडाओरडा झाला तरी समोर बघत राहायची त्याला सवय आहे. "आई तुला कधी ओरडत नाही म्हणून तू रडतेस?" असं त्यानं विचारलं. "जगातली तू पहिलीच." पुढं त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

मग एका वर्षी मी ठरवलं की हिचं कामच संपवायचं. जाळ्या धुवायला काय अक्कल लागते? ती यायच्या आदल्या दिवशी सासूबाई झोपल्या असताना मी जाळ्या काढल्या, धुतल्या, वाळवल्या, परत बसवल्या. मग बाहेर जाऊन पेटीच्या मागं झाडू घातला, कडेकोपरा पुसला, खाली पाणी जायचं भोक असतं त्यात काडी घालून ते मोकळं केलं. फणी नव्हती, नाही तर तेही केलं असतं. आता ये म्हटलं, बघ, चहा घे आणि जा.

दुसऱ्या दिवशी ती आली. जाळ्या उघडून "अरे वा, ह्या चकचकीत आहेत!" म्हणाली. मी भांडी विसळत मनात लाडू खाल्ला. मग ती बाहेर गेली आणि पेटीच्या मागून तिनं पानं काढायला सुरुवात केली. ओंजळीमागून ओंजळी. पेटी आणि भिंत ह्यांच्यामध्ये ठासून भरलेली जाड, तपकिरी पानं. खालच्या भोकातसुद्धा. "बाई बाई, काय ही दशा!" असं सासूबाई म्हणाल्या. "एवढा कचरा येतो कुठून?"

"वारा आणतो, आई," असं नणंद म्हणाली.

"हल्ली वारा फारच झालाय," असं सासूबाई म्हणाल्या.

ती संध्याकाळपर्यंत राहिली. जेवली, मग पट्ट्या विंचरल्या, मग पुन्हा चहा, पुन्हा शिव्या. आणि मी आ वासून बसले होते. काल तिथं एक पान नव्हतं. मी स्वतः पुसलं होतं.

पानं मी कचऱ्यात टाकताना नीट पाहिली. आमच्या रस्त्याच्या बाजूला झाड नाही. नावाला नाही. एक दिव्याचा खांब आहे आणि खांबाला पानं येत नाहीत. ही जाड पानं मागच्या अंगणातल्या झुडपाची होती. तिथून वारा सुटायचा, घराला वळसा घालायचा, कोपऱ्यावर वळायचा आणि नेमका पेटीच्या मागं शिरून खाली बसायचा, असा शहाणा वारा मी तरी पाहिलेला नाही.

पुढच्या खेपेला मी पाळत ठेवली. नणंद यायच्या दिवशी पहाट फुटताच सासूबाई उठल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी. त्यांच्या अंगावर शाल, हातात घडी घातलेली दुधाची पिशवी. मागच्या अंगणात गेल्या, वाकून वाकून पानं वेचली. कोरडी तेवढी घेतली, ओली बाजूला टाकली. मग कोपऱ्यावरून पुढं आल्या, तशी मीही पुढच्या खिडकीशी सरकले. त्यांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि छत्रीच्या दांड्यानं पानं पेटीमागं ढकलायला लागल्या. काम अगदी शिस्तीत. चादरींच्या गठ्ठ्यात चादर सरकवावी तसं. झाल्यावर पिशवी झटकली, पुन्हा तिची घडी घातली आणि घरात येऊन झोपेचं सोंग घेतलं.

काम जितकं जास्त, तितकी लेक जास्त वेळ राहणार. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. एरवी लेकीचा फोन आला तर सासूबाईंचं एवढंच, 'हो, बरी आहे, ठेवते.' पोरीला ये म्हणायला ह्या बाईची जीभ रेटत नाही. वाफेला विनंती करता येत नाही.

पण माझा खरा जळफळाट त्या दिवशी दुपारी झाला. नणंदेनं पेटीमागं हात घातला, एक पान काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि मान वळवून कोपऱ्याकडे, मागच्या अंगणाच्या दिशेला पाहिलं. मग सासूबाईंकडे. सासूबाई आकाशाकडे बघत होत्या. "वारा फार आहे गं आई इथं," असं म्हणून तिनं मुकाट्यानं पानं काढायला घेतली, अगदी सावकाश, एकेक. तिला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत असणार. तिच्यासारख्या बाईला वारा आणि माणसाचा हात ह्यांतला फरक कळत नाही होय? त्या दोघींमध्ये एक खोटं होतं, कुणी कुणाला न सांगता चाललेलं, आणि त्यात मला बोटभर जागा नव्हती. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्यासाठी कुणी पहाटे उठून एक पान उचललं नव्हतं.

ह्या वर्षी सासूबाईंचा गुडघा गेला. डॉक्टरांनी पायऱ्या उतरायला सक्त मनाई केली. खोलीतून खिडकीपर्यंत, खिडकीतून खोलीत, एवढंच. थंडी जवळ आली तशी त्यांनी लेकीला फोन लावला. मी शेजारीच बसून त्यांच्या पायाला मलम चोळत होते, त्यामुळे पलीकडचंही ऐकू येत होतं.

"यंदा कामं डोक्यावरून गेलीत गं आई," नणंद म्हणत होती. "उद्या येते, पण पुढं अजून एका घरचं काम घेतलंय. तुझं यंत्र तसं स्वच्छच असतं आता, वहिनी जाळ्या धुते. बाहेरचं तेवढं बघते आणि निघते. काही निघालं तर त्या घरी उद्याचं परवावर टाकीन."

"हो हो, बघ आणि नीघ," सासूबाई म्हणाल्या. "कार्टे" म्हणाल्या नाहीत. फोन ठेवला आणि मांडीवरच्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घातली.

सकाळी उठून पाहते तर त्या खिडकीत. बाहेर पान हलत नव्हतं. केस विंचरायला मी मागं उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आज वारा नाहीच का गं?"

"नाही," मी म्हटलं.

"राहू दे मग," असं त्या म्हणाल्या. ते फणीला होतं की वाऱ्याला, कळलं नाही.

आता खरं सांगते. मला काही करायची गरजच नव्हती. काहीही केलं नाही की झालं, माझंच जिंकणं होतं. ती येणार, पेटीमागं डोकावणार, हात झटकणार आणि पुढच्या घरी जाणार. संध्याकाळी सासूबाई आणि मी, दोघीच. वर्षानुवर्षं मला हेच तर हवं होतं. मी कप विसळले. पुसले. पुन्हा विसळले. त्या अजून खिडकीतच होत्या, आणि मला दिसत होतं की उद्यापासून त्या मला आणखी गोड बोलणार. "छान झालीय हो सूनबाई." "राहू दे सूनबाई." हे मला आणखी ऐकायचं नव्हतं.

मी खुंटीवरचा स्वेटर अंगात अडकवला, एक घडीची पिशवी उचलली आणि मागच्या अंगणात गेले. दया आली म्हणून गेले असं कुणी म्हणू नये. मला त्यांच्या खोट्यात शिरायचं होतं, बस. लेकीला मिळतं ते मलाही हवं होतं, आणि दुसरा दरवाजा मला माहीत नव्हता. पानं भरली, कोपऱ्यावरून वळले आणि पेटीमागं मूठ मूठ कोंबायला लागले.

डोक्यावर खिडकीची काच वाजली. टक टक टक, जोरात. वर पाहिलं तर सासूबाई. माझ्याकडे बघत होत्या, हातातल्या पानांकडे बघत होत्या, आणि तोंड उघडं. माझ्या हातातली पिशवी लपवायलाही मला सुचलं नाही. मग त्यांनी धडपडत कडी काढली आणि खिडकी उघडली.

"अगं कार्टे!" त्या ओरडल्या. रस्त्यावरून जाणारा एक माणूस दचकून थांबला. "तिथं नको, तिथं नको! वर कोंबलंस की तिला एका हातात निघतं! खाली घाल, त्या भोकापाशी, तिथं बोटं जात नाहीत! आणि ओली कशाला उचललीस? डोळे फुटले का तुझे? बटण तरी बंद केलंयस का, अकलेच्या कांद्या?"

बटण बंद केलं नव्हतं. मी जाऊन ते बंद केलं. डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं.

"चुकलं हो, आई," मी मोठ्यानं म्हटलं, पिशवीत हात घातला, आणि शोधून शोधून सगळ्यांत ओलं पान काढून मुद्दाम पुन्हा वरच कोंबलं.