रुमालाखालचा भाव

उन्हाळ्यातल्या उमेदवारीसाठी मी केलेल्या अर्जाला उत्तर आलंच नाही. अर्ज निर्दोष इंग्रजीत होता, टाइप केलेला होता, आणि तो टपालात टाकून मी घरी वाट बघत बसले. कॉलेजातली माझी मैत्रीण मात्र मी अर्ज केला होता त्या मुंबईतल्या सुपारीच्या पेढीवर स्वतः गेली, साहेबांच्या दाराबाहेर बसून राहिली आणि दोघींचं जमवूनच परतली. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाआधीची सुट्टी पेढीच्या श्रीवर्धनच्या वखारीत काम शिकत काढायची, आणि जी चांगली ठरेल तिला परीक्षेनंतर मुंबईच्या कचेरीत नोकरी. जागा एकच होती. मला ती हवी होती. घरात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं आणि ते थांबवण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

वखारीत ती पहिल्याच दिवशी सगळ्यांची झाली. रोठा सुपारीची पोती घेऊन येणारे बागायतदार तिला विचारायचे, "काय गो, जेवलीस का?" मला ते बाई म्हणत. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पाहुण्यासारखं अंग चोरून बसायचं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर इंग्रजी पत्रं लिहायची आणि तिचं हसणं ऐकायची.

खरं काम गादीवर चाले. वखारीचे मॅनेजर, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, आणि मुंबईचा व्यापारी समोरासमोर बसत. दोघांच्या हातांवर रुमाल पडे आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरे. बाजूला बसलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला आकडा कळत नसे. परक्या पुरुषाचा हात धरायचा म्हणून आम्हा दोघींना तिथे जागा नव्हती. "ते तुमचं काम नाही पोरींनो," भाऊ म्हणायचे.

एका संध्याकाळी समुद्रावर मी तिला म्हटलं, "हात धरायचा कशाला? रुमालाखाली ताट ठेवायचं. मागच्या भावावर जेवढे रुपये चढवायचे तेवढ्या सुपाऱ्या व्यापाऱ्याने त्यात ठेवायच्या. आपण रुमालाची कड उचलून बघायचं."

"अगं, मग भाऊंना सांग की!"

"सांगेन कधीतरी."

"कधीतरी म्हणजे? म्हातारी झाल्यावर?"

पुढच्या सौद्याच्या दिवशी तिनेच भाऊंना सांगितलं, आणि ताट घेऊन स्वतःच गादीवर बसली. समोरचे गुजराती शेठ म्हणाले, "काय बेन, आता आम्ही दक्षिणा ठेवायची?"

"ठेवा ना शेठ. पण देवी कडक आहे, हात सैल सोडा."

वखार हसली. शेठनी सुपाऱ्या ठेवल्या. तिने कड उचलून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्यात माझ्या आजीचं पानसुद्धा रंगायचं नाही." शेठनी आणखी ठेवल्या. सौदा झाल्यावर भाऊंनी मांडीवर थाप मारली, तेव्हा तीच मोठ्याने म्हणाली, "भाऊ, युक्ती हिची हो, माझी नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मी समोरच्या पत्रात डोकं घातलं. "असं? हुशार आहे," भाऊ म्हणाले, आणि तिच्याकडे वळून, "आता तूच बसत जा."

तिने युक्ती चोरली असती तर किती बरं झालं असतं. मग मला तिच्यावर रीतसर रागावता आलं असतं. माझं होतं ते तिने चारचौघांत माझ्या पदरात टाकलं होतं, आणि तरी सगळं तिच्याकडेच राहिलं होतं. त्यानंतर तिचं काहीच मला सोसेना. बोंबलाचा काटा ती सहज काढायची ते, बांगड्या मागे सारून कामाला लागायची ते. निदान तिला सर्दी तरी व्हावी असं मला वाटायचं.

शेवटच्या सौद्याला ती भाऊंना म्हणाली, "आज हिला बसवा. माझा घसा बसलाय." सकाळी न्हाणीत ती गात होती. मी ऐकलं होतं.

मी गादीवर बसले. समोर तेच शेठ. मी कड उचलली. सुपाऱ्या कमी होत्या. तोंडात एक शब्द येईना, आला तो इंग्रजी. मी रुमाल नीट केला आणि ताट परत सरकवलं. त्यांनी भर घातली. मी पुन्हा बघून पुन्हा सरकवलं.

"बेन, काहीतरी बोला तरी!"

बोलता आलं असतं तर बोलले नसते का? ताट पुन्हा आलं, पुन्हा गेलं. "ही देवी तर त्या देवीपेक्षा कडक," असं पुटपुटत त्यांनी मूठभर सुपारी ओतली. मी मान हलवली. त्या मोसमातला तो सगळ्यांत चढा भाव होता.

मी आधी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थोडी तरी जळजळ दिसावी म्हणून पाहिलं. ती बसलेल्या घशाने ओरडून टाळ्या वाजवत होती.

निघताना भाऊ म्हणाले, "मी तिचं नाव कळवलंय. तूही चांगली आहेस, पण तुला नोकरी हवीय असं कधी वाटलंच नाही."

"हवी आहे," मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की भाऊ आणि शेजारी उभी असलेली ती, दोघंही चमकले.

"अगो, मग आधी नाही का बोलायचं? आता साहेबांनाच विचार."

बोटीत ती म्हणाली, "मुंबईला उतरलो की दोघी जाऊ साहेबांकडे. मी बोलते."

"नको. मी बोलेन."

"बरं," म्हणून ती लगेच झोपलीसुद्धा, वळकटीवर डोकं ठेवून. मी मात्र जागी राहून साहेबांशी बोलायची वाक्यं मराठीत जुळवत होते, मोडत होते, पुन्हा जुळवत होते. तिला अशी वाक्यं कधी जुळवावी लागली नसतील.