होडीचं माप

होडीचं माप जमिनीवर घेतलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि ते घेणारा माणूस होडी बांधणाऱ्याचा मुलगा होता. माझा मोठा दीर. आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मी ती खुशाल जाऊ देते.

ऐरोलीच्या बाजूला खाडीला लागून आमचं गाव. सासरे लाकडी होड्या बांधायचे. दोन्ही मुलगे त्यांच्या हाताखाली शिकले, पण टिकला धाकटा, म्हणजे माझा नवरा. थोरल्याने आपल्या वाट्याच्या जागेत भाड्याच्या खोल्या चढवल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गावात सगळेच चढवतात, आयटी पार्कात जाणाऱ्या पोरांनी तरी राहायचं कुठे? पण आम्ही दोघं नवराबायको अजून खाडीत जात होतो. चिंबोऱ्या, कोळंबी, मिळेल ते. जुनी होडी इतकी कुजली होती की मी वल्हं कमी आणि पाणी उपसायचा डबाच जास्त धरायचे. नवी होडी पाण्यात गेली नाही तर आमचं खाडीत जाणं संपणार होतं, आणि मग थोरल्या जावेसारखी मीही वाशीच्या मार्केटात लसूण निवडायला बसले असते. मला बसायचं नव्हतं. उघड्या पाण्यावर गेलेल्या बाईला गोणपाटावर बसवलं की काय होतं ते माझ्या जावेला विचारा.

तर नवऱ्याने अंगणात नवी होडी बांधायला घेतली. सागाची फळी वाकवायची तर ती ओली ठेवून विस्तवावर शेकावी लागते, आणि घाई केली की ती चिरते. माझा नवरा घाई करत नाही. कुठल्याच गोष्टीत करत नाही, बोलण्यात तर नाहीच नाही. मी शेजारी बसून तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती वळायचे आणि तो त्या फळ्यांच्या सांध्यात ठोकून बसवायचा. दिवसभरात आमच्यात चार शब्द झाले तर खूप झाले.

होडी अर्ध्यावर आली असताना दिराने आमच्या दोन घरांमधल्या बोळात लोखंडी जिना लावायला काढला. अंगणातून खाडीकडे जायला तो एकच बोळ. मी पदर सावरून दारातूनच विचारलं, "भावजी, होरी कशी जाईल?"

दीर टेप घेऊन आला. बोळात उकिडवा बसला. आमच्या मोरीच्या भिंतीपासून जिन्याच्या खांबापर्यंत जमिनीवर टेप धरली, मग होडीच्या तळाला लावली, आणि उठून हात झटकले.

"आरामात जाईल. टेन्शन नको घेऊ."

होडी तळाला निमुळती असते आणि वर काठाला रुंद. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि जिन्याच्या पायऱ्या खांबाच्या बाहेर येणार होत्या, नेमक्या त्या काठाच्या उंचीला. जमिनीवर माप घेतात ते राहायच्या खोलीचं. हा माणूस बापाची तासणी विसरून गेला होता आणि त्याच्या डोक्यात फक्त खोल्या उरल्या होत्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बाजूलाच उभा होता. त्याला दिसत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. तो म्हणाला, "दादूस बोलतो तं जाईल."

आमच्या खाडीत आता इतका गाळ आहे की धक्क्यापर्यंत भरपूर पाणी फक्त उधाणाला येतं. पुनवेची भरती धरली. ती चुकली की पुढचं उधाण येईपर्यंत थांबायचं, आणि तोवर उन्हाने सांधे उलणार, कापूस सुटणार, माझी सगळी मेहनत वाया. पुनवेच्या दुपारी गल्लीतली माणसं जमली. मी होडीला हळदकुंकू लावलं. नारळ फोडायचा मान घरातल्या थोरल्याचा, म्हणून दीर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात नारळ घेऊन आला. होडी बांबूंवरून सरकत बोळात शिरली आणि पायरीला आपटून थांबली.

कुणी म्हणालं आडवी करा. आडवी केली तर सगळा भार एका अंगाच्या सांध्यांवर येतो, आणि पाणी पिऊन फळ्या फुगल्या नाहीत तोवर होडीला तो सोसत नाही. मग सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं.

दीर म्हणाला, "जिना कसा काढू? वर भाडेकरू हायेत. पुढच्या उधानाला बघू."

नवरा काठावरचा ओरखडा अंगठ्याने चोळत राहिला.

मग माझं डोकं फिरलं. थोरल्या दिरासमोर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. "भावजी, बापाच्या हाताखाली हेच शिकलाव तुमी? होरीचं माप खाली घेतो का कोनी?" कुणी मला गप्प करायला पुढे आलं नाही, दिराने फक्त नारळ या हातातून त्या हातात घेतला. मी पडवीतून घण आणला. जिना त्यांचा, पण मोरीची भिंत आमची होती. दहा वर्षं तिच्याआड मी आंघोळ केली, आणि पहिला घाव मीच घातला. जिन्यावरची पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. मग शेजारणी आल्या, मग पुरुषांना लाज वाटली, आणि नवरा खाली वाकून विटा गोळा करायला लागला. विटा! भावाला बोलायचं सोडून विटा!

होडी निघाली. भरती उतरायच्या आत पाण्यात गेली, आणि एक थेंबही आत आला नाही. दिराने पुढे होऊन नारळ फोडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवऱ्याने त्याच्या पायांना हात लावला. मी लावला नाही.

मोरीला मी ताडपत्री बांधली. सकाळी जिन्यावरून पोरं ऑफिसला निघायच्या वेळीच मी आंघोळीला बसायचे आणि पावलं वाजली की ओरडायचे, "कोन हाय रं वर?" बिचारी पोरं वरच्या वर थांबायची. त्यांच्या बस चुकू लागल्या, त्यांनी दिराला सांगितलं, आणि एका सकाळी दीर गवंडी घेऊन दारात आला. भिंत मी बांधून देतो, म्हणाला. टेप काढून तो पुन्हा खाली बसला.

नवरा अंगणात जुन्या होडीची फळी तासत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बांध. पन माप वरून घे, दादूस."

दीर उठला आणि टेप वर धरली. मला आनंद व्हायला हवा होता. मी आत जाऊन भांडी आपटली. हेच वाक्य या माणसाने त्या दिवशी बोळात म्हटलं असतं, तर माझी मोरी शाबूत राहिली असती.