नांदुऱ्याच्या पुलावर न आलेली गाडी

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. घरात कुणी अंगारा आणला, तर सरळ चुलीत टाकायचो... त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. पण हसून भागत नाही ना!

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतंच झालं होतं. नांदुऱ्याच्या अलीकडे नदीकाठी आमचा भाजीचा मळा. नदीवर रेल्वेचा पूल – विलायतेच्या राणीच्या काळातला, काळ्या दगडाच्या उंच कमानींचा. पावसाळ्यात नदी भरली की आम्ही माळी लोक वांग्या-मिरच्यांच्या टोपल्या घेऊन त्यावरूनच बाजाराला जायचो. आधी रुळाला कान लावायचा. रूळ वाजला तर थांबायचं, गाडी जाऊ द्यायची. रुळानं आम्हाला कधी फसवलं नव्हतं.

त्या सकाळी टोपली नव्हती. माझ्या बायकोच्या, सुमनच्या, खांद्यावर आमची दोन वर्षांची मंदा होती. तापानं फणफणलेली, हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. डॉक्टर पलीकडे. मी कान लावला... रूळ वाजत होता.

"थांब वो, गाडी येऊन राह्यली."

थांबलो. गाडी येईना. पुन्हा कान लावला, तर आवाज वाढलेला! सुमननंही लावला.

"मले तं काहीच आयकू येत नाही!"

दोन्हीकडे रूळ मोकळा, लख्ख ऊन. शेवटी सुमन भडकली.

"पोरगी हातची जाईन न! तुमी बसा कान लावून, मी चालली."

आणि निघालीच. मी मागे धावलो. पायाखाली पूल थरथरत होता, खडी नाचत होती... देवाशपथ सांगतो. पुलावर रूळ तपासणाऱ्या गँगमनना गाडी आली की उभं राहायला कठड्याशी जागा असते, तिथे मी दोघींना खेचलं.

"काऊन ओढता जी? कुठी हाये गाडी?"

तेवढ्यात मंदानं डोळे उघडले. मोकळ्या रुळाकडे बघायला लागली. नजर डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे – समोरून डबे जात असावेत तशी. मग तिनं हात वर करून हलवला.

सुमन पांढरीफटक पडली. "कोनाले हात करून राह्यली हे?"

दवाखान्यात पोचेस्तोवर ताप उतरला होता. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचं होतं असं. होत असेल बुवा! मंदाला आता नातवंडं आहेत, तिला यातलं काही आठवत नाही. मलाही आजवर उलगडा झालेला नाही. पोरगी वाचली, एवढं बस झालं, असं सुमन म्हणते.

खरंय. पण माझी झोप अजून मोडते. तो हात मंदानं गाडीला निरोप द्यायला हलवला होता... की थांबवायला?