काचेतली तार

मी कापसाच्या जिनिंगवाल्या शेठजींचा ड्रायव्हर होतो, तेव्हा अकोल्यात मोटारी मोजक्याच होत्या आणि त्या सगळ्या दुरुस्तीला एकाच मिस्त्रींकडे येत. दिवा गेला की मिस्त्री आधी डबीतला फ्यूज काढत आणि ती इवलीशी काचेची नळी एक डोळा मिटून उन्हात धरत. भोवती कापसाचे तंतू तरंगत असत. तार जळून तुटलेली दिसली की हसून म्हणत, "हा जयते म्हून गाडी वाचते, भाऊ."

एकदा धामणगावच्या वाटेवर फ्यूज उडाला. जवळ दुसरा नव्हता, म्हणून मी त्यालाच सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी गाडीतल्या तारा पेटल्या.

"परवा तूच तारा बदलल्या ना? आता फाटकात पाय ठेवू नको!" शेठजी मिस्त्रींवर कडाडले.

मिस्त्रींनी काळवंडलेली चांदी सोलली, काचेतून क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि चांदी खिशात घातली. "चुकलं, शेठजी."

मी बॉनेट खाली केलं.

जाताना त्यांनी माझ्या हातात एक नवा फ्यूज ठेवला. "जवळ ठेवत जा, भाऊ."

मिस्त्री आता नाहीत. तो फ्यूज मी कधी लावला नाही. अधूनमधून उन्हात धरतो. तार अजून शाबूत आहे.