अ‍ॅपसाठी मी चाचांचा बँड पुसला

मित्रांनो, मी मेहकरला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला आहे. आमच्या कंपनीने गाण्यांचं अ‍ॅप काढलंय. स्पीकर घेणाऱ्याच्या मोबाईलमध्ये ते टाकायचं, जागा नसेल तर जुनी गाणी पुसायची, असं मॅनेजरनेच शिकवलं.

आज दुपारी बँडवाले सलीमचाचा आले. परवा त्यांनी स्पीकर घेतला, तेव्हा मी त्यांच्या मोबाईलमधली गाणी न विचारता पुसली होती. काम नीट व्हावं म्हणून डिलीट केलेल्या फाइलींचं फोल्डरही रिकामं केलं होतं. ती त्यांच्याच बँडची रेकॉर्डिंग होती. लग्नाचं बुकिंग करणाऱ्यांना ते तीच ऐकवत.

"साखरखेर्ड्याची पार्टी घरी बसून हाये. त्यायले काय ऐकवू?"

मॅनेजर हसला. "चाचा, अ‍ॅपमधी लाखो गाणे हायेत."

"हायेत ना. आमी वाजवलेलं एक दाखव."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "काऊन बे, इचारता येत नाही तुले?"

नोकरीच्या भीतीने मी फक्त "चुकलो" म्हणालो. चाचा मोबाईल खिशात टाकून गेले. संध्याकाळी कळलं, पार्टीने दुसरा बँड ठरवला.

मॅनेजरने आत्ताच ग्रुपवर सर्वात जास्त अ‍ॅप टाकल्याबद्दल माझं अभिनंदन केलंय. खाली सगळ्यांचे अंगठे आहेत. मी काय उत्तर लिहू?