आईने घासलेली हेडलाइटची रिंग

मंडळी, ऐंशीच्या दशकातली दसऱ्याची एक सकाळ. मी विहिरीचं पाणी आणून बाबांची मोटारसायकल धुतली आणि पूजेसाठी अंगणात उभी केली. आईने देवाच्या पितळी भांड्यांसोबत गाडीच्या हेडलाइटची चकचकीत रिंगही चिंच आणि राख लावून घासली.

"अवं, क्रोम आहे ते! पितळ नाई!" बाबा ओरडले.

"मंग? पूजेची वस्तू घासा नाई लागत का?"

बाबा हसले. रिंगवर ओरखडे मात्र राहिले, पुढे तिथेच गंज धरला. बाबा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. बाकी सगळं दुरुस्त केलं, रिंगला हात लावला नाही. तिच्यात मला ती सकाळ दिसायची.

पण गंज फारच पसरला, म्हणून आज रिंग घेऊन नव्या क्रोमसाठी नालवाडीच्या प्लेटिंगवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका, जुन्यावर नवा क्रोम धरत नाई. पहिले तेजाबात टाकून जुना पूरा उतरवा लागते."

म्हणजे ओरखडेही जाणार. मी रिंग तशीच घरी आणली.

"काऊन वापस आणली?" आईने विचारलं. मी कारण सांगितलं.

"माह्या हातचे ओरखडे जपून राह्यला का तू? दर दसऱ्याले देवापुढं जंग लागलेली चीज पाहून मलेच लाज वाटते, बापा."

इतक्या वर्षांत मी तिला विचारलंच नव्हतं. तुम्ही जपलेल्या आठवणीबद्दल ती ज्याची आहे त्याला कधी विचारलंत का?

दुपारी परत नालवाडीला गेलो आणि रिंग तेजाबात टाकायला देऊन आलो.